बाजार मंदीने नव्हे, लपवाछपवीने कोसळतो

जगातला कुठलाही मोठा शेअर बाजार पडला की संध्याकाळच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: जागतिक अर्थव्यवस्थेची चिंता आणि चीनचा मंदावलेला विकासदर यांमुळे गुंतवणूकदारांनी विक्रीचा मारा केला. हे वाक्य इतक्या वेळा छापून आले आहे की आता त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. तो विचारायला हवा. या वाक्यावर विसंबून निवृत्तीची पुंजी हलवणारी माणसे आहेत. याच वाक्याचा आधार घेऊन सरकारे बाजारात पैसा ओततात. पडझडीच्या खऱ्या कारणाकडे मात्र सगळ्यांचीच पाठ राहते. माझे म्हणणे सरळ आहे. चीनची वाढ मंदावल्याने बाजार कोसळत नाहीत. ते कोसळतात उधारीवर चढलेल्या भावांमुळे आणि दडवलेल्या माहितीमुळे. चीनची बातमी निमित्त ठरते.

चीनचा विकासदर मंदावतो आहे, ही काही अचानक फुटलेली बातमी नाही. २००७ मध्ये तो १४ टक्क्यांवर होता. २०१० मध्ये साडेदहाच्या आसपास, २०१५ मध्ये सातच्या घरात, २०१९ मध्ये सहा, २०२३ मध्ये ५.२ आणि २०२४ मध्ये ५ टक्के. मधली कोविडची वर्षे सोडली तर ही उतरण जवळपास सरळ रेषेत चालली आहे. ती अटळही होती. खेड्यांतून कारखान्यांकडे येणाऱ्या तरुण मजुरांचा लोंढा आटत गेला, महामार्ग आणि बंदरे एकदा बांधून झाली, आणि २०२२ मध्ये तर सहा दशकांत पहिल्यांदाच देशाची लोकसंख्या घटली. अशा देशाने कायम दहा टक्क्यांनी वाढावे, ही अपेक्षाच चुकीची.

शिवाय नुसत्या टक्केवारीने दिशाभूल होते. २००७ मध्ये चीनची अर्थव्यवस्था सुमारे साडेतीन लाख कोटी डॉलरची होती. तिच्यावर १४ टक्के म्हणजे ढोबळ हिशेबाने ५० हजार कोटी डॉलरची भर. २०२३ मध्ये तीच अर्थव्यवस्था १७ ते १८ लाख कोटी डॉलरच्या घरात होती. तिच्यावर ५ टक्के म्हणजे ९० हजार कोटींच्या आसपास. म्हणजे ‘मंदावलेला’ चीन जगाच्या उत्पादनात दरवर्षी जी भर घालतो, ती ‘धावणाऱ्या’ चीनपेक्षा जास्त आहे. हा हिशेब कोणालाही करता येतो, आणि मोठमोठ्या फंडांच्या व्यवस्थापकांनी तो केलेला असतोच. जी गोष्ट सगळ्यांना दहा वर्षांपासून ठाऊक आहे, तिच्यामुळे एखाद्या सोमवारी सकाळी जगभरचे बाजार घाबरतात, हे पटण्यासारखे नाही.

उलट बाजूने पाहा. विकासदर वाढला की शेअर वाढतात, हे खरे असते तर चिनी गुंतवणूकदार जगात सर्वांत श्रीमंत व्हायला हवा होता. शांघायचा निर्देशांक ऑक्टोबर २००७ मध्ये ६,१२४ अंशांपर्यंत गेला होता. २०२३ संपताना तो तीन हजारांच्याही किंचित खाली होता. त्या सोळा वर्षांत अर्थव्यवस्था पाचपट झाली आणि बाजार निम्म्यावर आला. जपानची गोष्टही लक्षात घ्यावी. टोकियोचा निक्केई डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर पोहोचला आणि ती पातळी ओलांडायला त्याला फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. ज्या वर्षी तो विक्रम मोडला, त्या वर्षी जपानची वाढ नगण्य होती.

याचे कारण समजून घेणे फार गरजेचे आहे. देशाचे उत्पादन वाढणे ही एक गोष्ट आणि त्यातला नफा भागधारकाच्या हाती पडणे ही दुसरी. चीनची वाढ मुख्यतः गुंतवणुकीवर उभी राहिली, आणि ती गुंतवणूक कर्जावर. नोव्हेंबर २००८ मध्ये जागतिक संकटाला उत्तर म्हणून बीजिंगने ४ लाख कोटी युआनचे पॅकेज जाहीर केले. त्यानंतर प्रांतोप्रांतीच्या सरकारांनी आणि सरकारी कंपन्यांनी जे कर्ज काढले, त्याचा आकडा या पॅकेजच्या कितीतरी पुढे गेला. कारखाने उभे राहिले, पोलाद ओतले गेले, विकासदराच्या रकान्यात त्याची नोंद झाली. पण एकाच मालाचे पन्नास उत्पादक एकमेकांचे भाव पाडत असतील तर वाढ दिसते आणि नफा दिसत नाही. सौर पॅनेलच्या धंद्यात हेच झाले. जगातली बहुसंख्य पॅनेल चीनमध्ये बनतात, आणि ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या अलीकडच्या वर्षांत तोट्यात गेल्या. त्यांचे शेअर घेणाऱ्याला राष्ट्रीय विकासदराचा काय उपयोग?

मग २०१५ मध्ये नेमके काय झाले? तो काळ बारकाईने पाहिल्याशिवाय हा विषय कळत नाही.

२०१४ च्या मध्यावर शांघायचा निर्देशांक दोन हजारांच्या थोडा वर होता. १२ जून २०१५ रोजी तो ५,१६६ वर बंद झाला. वर्षभरात अडीचपट. आणि हे कधी, तर विकासदर घसरत असताना. म्हणजे ज्या मंदीला पुढे पडझडीसाठी जबाबदार धरले गेले, तिच्याच सावलीत ही तेजी झाली होती. ती कशावर झाली? उधारीवर. दलालांकडून मार्जिनवर, म्हणजे शेअर तारण ठेवून, घेतलेल्या कर्जाची अधिकृत रक्कम वर्षभरापूर्वी सुमारे ४० हजार कोटी युआन होती. जूनमध्ये ती २ लाख २७ हजार कोटींवर गेली. याखेरीज ट्रस्ट कंपन्या आणि ऑनलाइन सावकार यांच्यामार्फत आलेला पैसा वेगळाच, आणि तो कोणत्याही अधिकृत आकड्यात दिसत नव्हता. कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राच्या संकेतस्थळाने एप्रिलमध्येच सांगून टाकले होते की ४,००० ही तर तेजीची नुसती सुरुवात आहे. राज्यसंस्थाच असे सांगते म्हटल्यावर सामान्य माणूस मागे कसा राहील? तिथल्या उलाढालीत मोठा वाटा अशाच छोट्या गुंतवणूकदारांचा होता.

नियामकांनी उधारीवर बंधने आणायला सुरुवात केली आणि भाव वळले. पुढचे यांत्रिक असते. शेअर तारण ठेवून पैसे घेतलेल्या माणसाला दलालाचा निरोप येतो: भाव पडलाय, तारण कमी पडते, अमुक वाजेपर्यंत रक्कम भरा. ती भरली नाही तर दलाल त्याचे शेअर विकून टाकतो. त्या विक्रीने भाव आणखी उतरतो आणि पुढच्या दहा जणांना तोच निरोप जातो. चीनमध्ये तेव्हा एका शेअरला एका दिवसात दहा टक्क्यांहून जास्त पडायला मुभा नव्हती. त्यामुळे पडणारा शेअर या खालच्या मर्यादेला (सर्किटला) अडकला की तो विकताच येत नाही. मग माणूस जे विकता येईल ते विकतो, चांगले शेअरसुद्धा. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तेराशेहून अधिक कंपन्यांनी आपल्या शेअरचे व्यवहारच थांबवून घेतले. ८ जुलैला शांघाय जवळपास ६ टक्के पडला, आणि त्याच दिवशी हाँगकाँगचा हँगसेंगही तितकाच पडला. हाँगकाँगच्या कंपन्यांचे त्या एका दिवसात काहीही बिघडलेले नव्हते. शांघायमध्ये दार बंद झाले म्हणून लोक हाँगकाँगच्या दाराने बाहेर पडले, इतकेच.

संसर्ग पसरतो तो असा. विकासदराच्या तक्त्यांत त्याचा माग लागत नाही, तो लागतो अडकलेल्या कर्जदाराच्या खात्यात.

सरकारने काय केले? नवे शेअर बाजारात आणणे थांबवले. पाच टक्क्यांहून अधिक हिस्सा असलेल्या भागधारकांना सहा महिने विक्री बंद केली. शॉर्ट सेलिंग करणाऱ्यांमागे, म्हणजे उसने शेअर विकून भाव पडण्यावर पैसे लावणाऱ्यांमागे, पोलीस लावले. सरकारी संस्थांकरवी शेअर विकत घेतले, पण कोणते, किती आणि कधीपर्यंत हे उघड केले नाही. यातून बाजारात एकच खेळ उरला: सरकार आज घेणार की नाही, याचा अंदाज बांधण्याचा. कंपनीचा ताळेबंद वाचायचे कारणच संपले.

अशात ११ ऑगस्टला चीनच्या मध्यवर्ती बँकेने युआनचा डॉलरशी असलेला रोजचा संदर्भदर एका झटक्यात १.९ टक्क्यांनी खाली आणला. दोन टक्क्यांहून कमी. एरवी चलने महिन्याभरात याहून जास्त हलतात. मग जग का हादरले? कारण खुलासा नव्हता. मध्यवर्ती बँकेचे अधिकारी पत्रकारांसमोर आले ते १३ ऑगस्टला. मधल्या वेळात जगभरच्या व्यवहार-दालनांत एकच प्रश्न होता: बीजिंगला असे काय ठाऊक आहे, जे आपल्याला ठाऊक नाही? निर्यात इतकी खालावली आहे का? हा पहिलाच हप्ता आहे का? उत्तर मिळत नाही तेव्हा माणूस वाईटात वाईट उत्तर धरून चालतो, आणि पैशाच्या बाबतीत तर नक्कीच.

२४ ऑगस्टला शांघाय साडेआठ टक्के पडला. मुंबईचा सेन्सेक्स १,६२४ अंशांनी, म्हणजे जवळपास ६ टक्के कोसळला. न्यूयॉर्कमध्ये डाउ जोन्स उघडल्यानंतर काही मिनिटांत हजाराहून अधिक अंशांनी खाली होता. दिवसअखेर ती घट ५८८ वर आली. त्या सकाळी अमेरिकेतल्या ईटीएफचे (शेअरसारखी खरेदी-विक्री होणाऱ्या, अनेक शेअरची टोपली असलेल्या फंडांचे) आणि शेअरचे व्यवहार बाराशेहून अधिक वेळा आपोआप थांबले. काही ईटीएफ त्यांच्या पोटातल्या शेअरच्या किमतीपेक्षा कितीतरी स्वस्तात विकले गेले. चीनच्या विकासदराने हे कसे घडवावे? जो ईटीएफ अमेरिकी कंपन्यांचेच शेअर बाळगतो, त्याचा भाव त्याच शेअरच्या बेरजेपेक्षा वीस-तीस टक्क्यांनी खाली जावा, यात चीनचा काय संबंध? तिथे बाजाराची स्वतःची रचना मोडली होती. पण दुसऱ्या दिवशी मथळा चीनचाच होता.

एवढ्यावर थांबले नाही. पडझड रोखायची म्हणून चीनने १ जानेवारी २०१६ पासून नवा सर्किट ब्रेकर लागू केला: निर्देशांक ५ टक्के हलला की पंधरा मिनिटे विश्रांती, ७ टक्के हलला की दिवसभरासाठी बाजार बंद. ७ जानेवारीची सकाळ आठवावी. साडेनऊला बाजार उघडला. बारा-तेरा मिनिटांत ५ टक्क्यांची रेषा ओलांडली गेली. पंधरा मिनिटे सगळे थांबले, आणि त्या पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार होता की पुढची रेषा फक्त दोन टक्क्यांवर आहे आणि ती ओलांडली की आज बाहेर पडता येणार नाही. व्यवहार सुरू होताच सगळ्यांनी एकदम विकले, आणि एक-दोन मिनिटांत बाजार दिवसभरासाठी बंद झाला. प्रत्यक्ष व्यवहार झाले ते जेमतेम चौदा मिनिटे. दुसऱ्या दिवसापासून तो सर्किट ब्रेकर रद्द करण्यात आला आणि पुढच्याच महिन्यात नियामक संस्थेचे प्रमुख बदलले. घबराट थांबवण्यासाठी केलेल्या नियमानेच घबराट घडवली. त्या चौदा मिनिटांत चीनचा विकासदर जिथल्या तिथे होता.

माझ्या म्हणण्याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. चीनची मंदी काही उद्योगांना खरोखर मारते, हे मी नाकारतो का? मुळीच नाही. जगातले निम्म्याहून अधिक पोलाद आणि निम्म्याहून अधिक तांबे एकटा चीन वापरतो. लोहखनिजाचा भाव २०११ मध्ये टनामागे १९० डॉलरवर होता, तो डिसेंबर २०१५ मध्ये ४० डॉलरच्या खाली आला. ऑस्ट्रेलियातल्या आणि ब्राझीलमधल्या खाणींना, चिली आणि झांबियातल्या तांब्याच्या पट्ट्याला याची झळ थेट बसली. तिथे शेअर पडणे हे योग्यच होते. नफाच घटणार होता. ॲपलचेही तसेच. २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून सांगितले की तिमाहीची विक्री आधी सांगितल्याप्रमाणे ८९ ते ९३ अब्ज डॉलर नव्हे, तर ८४ अब्ज होईल, आणि त्यामागे मोठा भाग चीनमधल्या घटलेल्या मागणीचा आहे. दुसऱ्या दिवशी शेअर दहा टक्के पडला. पण पुढे काय झाले तेही पाहा. आकडा समोर होता, कारण समोर होते, कंपनीकडे कर्जाहून जास्त रोकड होती. भाव नव्या पातळीवर बसला, आणि वर्ष संपायच्या आत शेअर नव्या उच्चांकावर होता. उघड सांगितलेली वाईट बातमी बाजार पचवतो.

याच्या उलट उदाहरण ग्लेनकोरचे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी या खनिज कंपनीचा शेअर लंडनमध्ये एका दिवसात २९ टक्के पडला. तांब्याचा भाव त्या दिवशी २९ टक्के पडलेला नव्हता. इतर खाणकंपन्याही इतक्या पडल्या नव्हत्या. फरक कर्जाचा होता. खनिजांचे भाव असेच राहिले तर या कर्जापुढे भागधारकाच्या हाती काही उरेल का, अशी शंका एका विश्लेषणात मांडली गेली आणि ती पुरेशी ठरली. चीनची मंदी दोघांनाही लागली, ॲपललाही आणि ग्लेनकोरलाही. एकाला खरचटले, दुसरा मरता मरता वाचला. हा फरक ज्या मथळ्यात दिसत नाही, तो मथळा वाचकाला काहीच शिकवत नाही.

आता माहितीबद्दल. २००७ मध्ये ली खछ्यांग हे लिओनिंग प्रांताचे पक्षसचिव होते. पुढे ते देशाचे पंतप्रधान झाले. त्यांनी अमेरिकी राजदूताशी बोलताना म्हटले होते की प्रांताच्या उत्पादनाचे आकडे मानवनिर्मित असतात, आपण स्वतः विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे हे तीन आकडे पाहतो. हे संभाषण पुढे फुटलेल्या अमेरिकी राजनैतिक संदेशांमधून बाहेर आले. देशाचा भावी पंतप्रधान ज्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, त्याच आकड्याच्या दशांश चिन्हानंतरच्या अंकावर, ६.९ की ७.० यावर, जगाचे बाजार वरखाली होतात. यात कोणाचे भले आहे?

त्यानंतरही माहितीची दारे उघडण्याऐवजी बंदच होत गेली. जून २०२३ मध्ये शहरी तरुणांतील बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली, आणि ऑगस्टमध्ये तो आकडा जाहीर करणेच थांबवण्यात आले. काही महिन्यांनी तो परत आला तो नव्या पद्धतीने मोजलेला, आणि साहजिकच कमी. २०२४ मध्ये हाँगकाँगमार्गे चिनी शेअरमध्ये परदेशी पैसा रोज किती येतो-जातो, हेही कळेनासे झाले. असे करणाऱ्यांना वाटते की वाईट आकडा दिसला नाही तर लोक घाबरणार नाहीत. होते ते नेमके उलटे. आकडा नसतो तेव्हा भीतीला मर्यादाच राहत नाही. बेरोजगारी २१ टक्के असेल तर ती २१ टक्के असते. लपवली की ती ३० असू शकते, ४० असू शकते.

एव्हरग्रांद या बलाढ्य चिनी बांधकाम कंपनीचे प्रकरण या सगळ्याचा दुसरा पदर दाखवते. ऑगस्ट २०२० मध्ये बीजिंगने बांधकाम कंपन्यांच्या कर्जावर तीन मर्यादा घातल्या. निर्णय योग्यच होता, फक्त दहा वर्षे उशिरा आला. एव्हरग्रांदवर तेव्हा ३० हजार कोटी डॉलरच्या आसपास देणी होती. २० सप्टेंबर २०२१ रोजी ती बुडणार या भीतीने हँगसेंग ३.३ टक्के आणि अमेरिकेचा एस अँड पी ५०० जवळपास पावणेदोन टक्के पडला. २००८ मध्ये बुडून जगाला संकटात लोटणाऱ्या अमेरिकी बँकेसारखे चीनचे ‘लेहमन’ होणार, अशी भाकिते झाली. ते झाले नाही. कर्ज मुख्यतः देशातलेच होते, बँका सरकारी होत्या, आणि त्यांनी कोणाला कधी बुडू द्यायचे हे सरकार ठरवत होते. जागतिक बाजारांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय संपला.

पण तो संपला नव्हता. चीनमध्ये घर बांधून व्हायच्या आधीच त्याचे पैसे घेतले जातात. ग्राहकाचे गृहकर्ज सुरू होते, हप्ते सुरू होतात, आणि इमारत तीन-चार मजल्यांवर अडकून पडते. ३० जून २०२२ रोजी ज्यांगशी प्रांतातल्या जिंगदेझेन शहरातल्या एव्हरग्रांदच्याच एका अर्धवट प्रकल्पातील ग्राहकांनी जाहीर पत्र लिहिले: काम सुरू झाले नाही तर हप्ते भरणार नाही. काही आठवड्यांत अशा प्रकल्पांची संख्या तीनशेवर गेली. या माणसांनी सट्टा खेळला नव्हता. ज्या देशात कुटुंबाची बहुतेक बचत घरातच असते, तिथे त्यांनी घर घेतले होते. हाँगकाँगच्या न्यायालयाने एव्हरग्रांदच्या अवसायनाचा, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचा, आदेश दिला तो जानेवारी २०२४ मध्ये, आणि तोवर हजारो कुटुंबे न बांधलेल्या घराचे हप्ते आणि राहत्या घराचे भाडे असे दोन्ही भरत होती. बाजार कोसळला नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असे मानणाऱ्यांना मला हे सांगायचे आहे. नुकसान झालेच. ते फक्त ज्यांचा आवाज निर्देशांकापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्या अंगावर गेले. मग ती कुटुंबे खर्च आखडतात, आणि पुन्हा बातमी येते: चीनमध्ये मागणी घटली, बाजार पडला.

देशात न खपलेला माल बाहेर जातो तेव्हा फटका तिसऱ्यालाच बसतो. घरांचे बांधकाम थांबले आणि पोलाद उरले. २०२४ मध्ये चीनने ११ कोटी टनांहून अधिक पोलाद निर्यात केले, २०१५ नंतरचे तोवरचे सर्वाधिक. त्याच वर्षी चिलीतल्या तालकाउआनो येथील हुआचिपातो हा जुना पोलाद कारखाना स्वस्त चिनी मालापुढे टिकणे शक्य नाही असे सांगून बंद पडला. त्या गावातल्या कामगाराला शांघायचा निर्देशांक आज किती, याचे काही देणेघेणे नाही. पण त्याच्या नोकरीची सुरुवात आणि शेवट चीनच्या बांधकामक्षेत्राशी जोडलेला होता.

मग सरकारने बाजारात कधीच उतरू नये का? इथे एक उदाहरण माझ्या मताच्या विरुद्ध जाते आणि ते मांडलेच पाहिजे. ऑगस्ट १९९८ मध्ये आशियाई संकटाच्या काळात सट्टेबाजांनी हाँगकाँगच्या चलनावर आणि शेअर बाजारावर एकाच वेळी हल्ला केला. तिथल्या सरकारने दोन आठवड्यांत ११,८०० कोटी हाँगकाँग डॉलरचे शेअर विकत घेतले. तेव्हा मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी फार टीका केली. पण हाँगकाँगने हेतू सांगितला, हँगसेंगमधले शेअर घेतले, ती मालमत्ता सांभाळायला वेगळी कंपनी नेमली आणि पुढच्याच वर्षी ट्रॅकर फंडाच्या, म्हणजे हँगसेंगचा माग धरणाऱ्या फंडाच्या, रूपाने ते शेअर सामान्य लोकांना विकायला सुरुवात केली. सरकारला नफा झाला. २०१५ च्या शांघायशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. एका ठिकाणी हस्तक्षेपाचा हिशेब होता आणि शेवट ठरलेला होता. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही नव्हते. तेव्हा माझा विरोध हस्तक्षेपाला नाही. विरोध आहे तो बेहिशेबी हस्तक्षेपाला.

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने पुन्हा तीच वाट धरली, फक्त अधिक उघडपणे. २४ तारखेला मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पान गोंगशेंग यांनी व्याजदर कपातीसोबत शेअर खरेदीसाठी ५० हजार कोटी युआनची सोय आणि कंपन्यांना स्वतःचे शेअर परत घेण्यासाठी ३० हजार कोटींचे कर्ज जाहीर केले. त्या आठवड्यात शांघाय आणि शेनझेनमधल्या ३०० मोठ्या कंपन्यांचा सीएसआय ३०० निर्देशांक सुमारे १६ टक्के चढला. ८ ऑक्टोबरला नियोजन आयोगाच्या पत्रकार परिषदेत नवे काही मिळाले नाही, आणि हँगसेंग एका दिवसात नऊ टक्क्यांहून अधिक पडला. या पंधरवड्यात अर्थव्यवस्था ना १६ टक्के सुधारली, ना ९ टक्के बिघडली. लोक उधारीच्या पैशाची वाट पाहत होते. आला तेव्हा चढले, थांबला तेव्हा उतरले.

आणि हा रोग फक्त चीनचा नाही. ५ ऑगस्ट २०२४ रोजी निक्केई एका दिवसात १२.४ टक्के पडला, दुसऱ्या दिवशी दहा टक्के वर आला. निमित्त होते अमेरिकेतल्या रोजगाराच्या नरम आकड्याचे. खरे कारण जपानी येनमध्ये स्वस्तात कर्ज काढून जगभर गुंतवलेला पैसा हे होते. बँक ऑफ जपानने व्याजदर जरा वाढवला, येन महागला आणि सगळ्यांना एकदम परत फिरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयातशुल्काचा बडगा उगारला तेव्हा ७ तारखेला हँगसेंग १३ टक्के कोसळला, १९९७ नंतरची त्याची एका दिवसातली सर्वांत मोठी पडझड. दोनच दिवसांनी स्थगितीची घोषणा होताच अमेरिकी बाजार साडेनऊ टक्के उसळला. इथे अनिश्चितता एका सरकारी घोषणेने निर्माण केली आणि दुसऱ्या घोषणेने मागे घेतली. चिंता जागतिक होती, पण ती आभाळातून पडलेली नव्हती; कोणीतरी घेतलेल्या निर्णयांची ती फळे होती.

म्हणून ज्यांच्या हाती धोरण आहे त्यांच्याकडे मागणी नेमकी असायला हवी. उधारीवर शेअर घेण्याची मर्यादा तेजीच्या काळातच कमी केली पाहिजे, पडझड सुरू झाल्यावर नव्हे. २०१५ मध्ये शांघायने ती भाव शिखराजवळ पोहोचल्यावर आवळली आणि आगीत तेल पडले. पेन्शन फंडांनी आपल्या सभासदांना सांगितले पाहिजे की उदयोन्मुख बाजारांच्या टोपलीत त्यांचा पैसा नेमका कुठे आहे. अनेक फंड ज्याच्या प्रमाणात पैसा वाटतात, त्या एमएससीआय संस्थेच्या उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकात २०२० च्या सुमारास चीनचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास होता, पुढच्या चार वर्षांत तो पाव हिश्श्याच्या, म्हणजे २५ टक्क्यांच्या, आसपास आला. अशा फंडातून एखाद्या पेन्शनधारकाने पैसे काढले की व्यवस्थापकाला टोपलीतले सगळेच विकावे लागते, ब्राझीलची बँकही आणि तैवानची चिपकंपनीही. हे त्या पेन्शनधारकाला ठाऊक नसते. पडझड झाल्यावर त्याला चीनची गोष्ट सांगून बोळवण करणे, हा त्याच्या विश्वासाचा अपमान आहे.

चीनबद्दल खरी काळजी करायची असेल तर ती विकासदराची न करता घरगुती खर्चाची करावी. चीनमध्ये कुटुंबांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या आसपास आहे; अमेरिकेत तो दोन तृतीयांशाच्या वर आहे. म्हणजे चिनी कामगार जे बनवतो, ते विकत घेण्याइतका वाटा त्याच्या पदरात पडत नाही, आणि उरलेला माल जगाच्या गळ्यात मारावा लागतो. २०२४ मध्ये चीनचा व्यापारी अधिशेष, म्हणजे आयातीहून जास्त झालेली निर्यात, एक लाख कोटी डॉलरला टेकला, तो याच असमतोलातून. उद्या बीजिंगने पेन्शन आणि आरोग्यसेवेवर खर्च वाढवला, गावाकडून शहरात आलेल्या कामगारांना शहराचे पूर्ण हक्क दिले, आणि त्यापायी विकासदर साडेतीन टक्क्यांवर आला, तर बाजार त्या दिवशी बहुधा पडतील आणि ठरलेले वाक्य पुन्हा छापून येईल. पण तो साडेतीन टक्क्यांचा चीन जगाकडून अधिक विकत घेईल, कमी पोलाद बाहेर ढकलेल, आणि त्याच्या कंपन्यांना नफा कमावण्याची संधी आजच्यापेक्षा जास्त असेल. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्याला ही दुसरी बाजू आधीच सांगून ठेवण्याची जबाबदारी अर्थविषयक लिहिणाऱ्या आपल्या सगळ्यांची आहे.